काटा खरे सांगतो का? ट्रॅक्टरच्या तेलाचे तापमान आणि तीनशे वर्षांची पडताळणी

१/
ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक तेलाचे तापमान दाखवणारा काटा लाल पट्ट्यात गेला की चालकासमोर दोन शक्यता असतात. एक तर तेल खरोखर तापले आहे, नाही तर काटा बिघडला आहे. पहिली खरी असेल तर काम तत्काळ थांबवले पाहिजे. दुसरी खरी असेल तर ऐन पेरणीतला एक दिवस विनाकारण वाया जाणार आहे. तिसरी शक्यता अधिक महाग पडते. काटा हिरव्या पट्ट्यात स्वस्थ असतो आणि तेल आत करपत असते. काट्याकडे कितीही वेळ रोखून पाहिले तरी या तिघांपैकी खरी कोणती, हे कळत नाही. ‘तापमापक बरोबर आहे हे ठरवायचे कशावरून?’ हा प्रश्न ट्रॅक्टरपेक्षा फार जुना आहे. त्याच्या उत्तरासाठी युरोपातील विद्वानांनी आणि कारागिरांनी दोन शतकांहून अधिक काळ खर्च केला. गावातला मेकॅनिक आज जी चाचणी अर्ध्या तासात करतो, तिच्यात त्या साऱ्या खटाटोपाचे सार आहे. त्या शोधाचा हा धागा.

२/
प्रथम, या तेलाच्या तापमानाला एवढे महत्त्व का? हायड्रॉलिक यंत्रणेत तेल तीन कामे करते. ते दाब वाहून नेते, फिरत्या भागांना वंगण पुरवते आणि निर्माण झालेली उष्णता दूर नेते. तेल तापले की पातळ होते. पातळ तेल पंपाच्या आतल्या बारीक फटींतून मागे गळते, त्या गळतीतून आणखी उष्णता निर्माण होते आणि तेल आणखी पातळ होते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही. सुमारे ८२ अंश सेल्सिअसच्या पुढे बहुतेक सील कडक होऊ लागतात आणि तेलाचे आयुष्य झपाट्याने घटते. तापमान दर १० अंशांनी वाढले की तेलाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे काट्याची १५-२० अंशांची चूक ही किरकोळ चूक ठरत नाही.

३/
हे तेल ट्रॅक्टरमध्ये आले ते मुख्यतः एका माणसाच्या हट्टामुळे. आयर्लंडमधील काउंटी डाउन येथे १८८४ साली जन्मलेले हॅरी फर्ग्युसन हे मूळचे मोटार-मेकॅनिक. १९०९ च्या अखेरीस त्यांनी स्वतः बांधलेले विमान उडवले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांचे लक्ष ट्रॅक्टरकडे वळले. त्या वेळी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. तो जमिनीतल्या दगडाला अडकला की ट्रॅक्टरचे पुढचे तोंड वर उचलले जाऊन यंत्र मागे उलटे आणि चालक त्याखाली सापडे. फर्ग्युसन यांनी नांगर आणि ट्रॅक्टर तीन दांड्यांनी एकजीव केले आणि नांगराची खोली हायड्रॉलिक यंत्रणेकडून आपोआप सांभाळण्याची युक्ती काढली. तिचे पेटंट १९२६ चे आहे. आजच्या जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरमागे दिसणारी ‘थ्री पॉइंट लिंकेज’ ही तिचीच वंशज.

४/
१९३८ साली फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी केवळ हस्तांदोलनावर करार केला आणि १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ९-एन हा ट्रॅक्टर बाजारात आला. पुढे फोर्ड यांच्या नातवाने हा संबंध तोडला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरांवर तडजोड झाली. वादातील एक मुद्दा पंपाच्या शोषण बाजूला बसवलेल्या झडपेचा होता. या रचनेत लिफ्टला गरज नसताना पंप तेल दाबाखाली फिरवत बसत नाही, त्यामुळे तेल व्यर्थ तापत नाही. दरम्यान इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ पासून फर्ग्युसन टीई-२० तयार होऊ लागला. दहा वर्षांत त्याचे पाच लाखांहून अधिक नग बाहेर पडले. या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल आणि लिफ्ट यांना एकच तेल होते. गिअरची उष्णताही लिफ्टच्या तेलातच उतरे.

५/
भारतात हा वारसा १९६० च्या दशकात रुजला. मद्रासमध्ये १९६० साली ‘टॅफे’ची स्थापना झाली आणि तिने मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर भारतात आणले. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी केली. लिफ्टवर चालणारा नांगर, पेरणीयंत्र, रोटाव्हेटर आणि नंतर लोडर, अशी कामे वाढत गेली तसा तेलावरचा भारही वाढला. लहान ट्रॅक्टरांवर तापमानाचा काटा बहुधा इंजिनापुरताच असतो. मोठ्या ट्रॅक्टरांवर आणि लोडरवर हायड्रॉलिक तेलासाठी स्वतंत्र काटा किंवा दिवा दिसतो. काटा नसेल तिथे चालक एकाच साधनावर विसंबतो, ते म्हणजे स्वतःचा हात.

६/
हात हे माणसाचे सर्वांत जुने तापमापक. त्याची परीक्षा इंग्लिश तत्त्ववेत्ते जॉन लॉक यांनी १६९० च्या आपल्या ग्रंथात घेतली आहे. एकच पाणी एका हाताला थंड आणि दुसऱ्या हाताला गरम लागू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. आधी गार पाण्यात ठेवलेला हात कोमट पाण्याला गरम म्हणतो, आणि गरम पाण्यातून काढलेला हात त्याच पाण्याला गार म्हणतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत याहूनही मोठी अडचण आहे. साठ अंशांच्या आसपास तापलेल्या लोखंडावर हात काही क्षणांपलीकडे टिकत नाही. म्हणजे ६५ अंशांचे सुरक्षित तेल आणि ९५ अंशांचे करपणारे तेल, दोन्ही हाताला सारखेच चटका देतात. ज्या पट्ट्यात निर्णय घ्यायचा, नेमक्या त्याच पट्ट्यात हात निरुपयोगी ठरतो.

७/
सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्याच्या आरंभी उत्तर इटलीत हाताला पर्याय शोधला गेला. गॅलिलिओ गॅलिली यांच्या नावाशी जोडलेल्या या उपकरणात काचेच्या फुग्यातील हवा प्रसरण पावून नळीतल्या पाण्याची पातळी हलवी. पदुआचे वैद्य सांतोरिओ यांनी त्याला मोजपट्टी जोडली. परंतु या उपकरणाची नळी खालून उघडी होती. १६४३-४४ च्या सुमारास एव्हांजेलिस्टा टॉरिचेली यांनी वायुभारमापक तयार केला, तेव्हा हवेचा दाबही दिवसागणिक बदलतो हे उमगले. तापमान तेच राहूनही दाब बदलला की जुन्या उपकरणातील पाणी वरखाली होत असे. यातून पहिला धडा मिळाला तो असा. उपकरण ज्याचे नाव सांगते त्याखेरीज दुसऱ्याच कशाने तरी हलत नाही ना, हे आधी पाहावे. ट्रॅक्टरवर ही भूमिका खराब अर्थिंग, गंजलेले टर्मिनल आणि उतरलेली बॅटरी बजावतात. तेल तेच असते आणि काटा मात्र सरकतो.

८/
फ्लॉरेन्समध्ये ग्रँड ड्यूक फर्डिनांड दुसरे यांच्या आश्रयाने नळीचे तोंड वितळवून बंद केले गेले आणि आत मद्यार्क भरला गेला. हवेच्या दाबाचा प्रश्न मिटला. १६५७ ते १६६७ या काळात तेथील प्रयोग-अकादमीने असे अनेक तापमापक वापरले. एकाच कुशल काचकाराच्या हातून घडल्यामुळे ते एकमेकांशी चांगले जुळत. परंतु त्यांच्या अंशांचा अर्थ त्या काचकाराच्या कौशल्यावर टेकलेला होता. दुसऱ्या शहरातील कारागिराने स्वतंत्रपणे बनवलेला तापमापक त्यांच्याशी जुळेलच असे नव्हते. आज एकाच कंपनीचे, एकाच पेटीतले दोन सेन्सर सारखेच वाचन देतात, म्हणून दोन्ही बरोबर आहेत असे मानणे हे याच प्रकारचे आहे. दोघेही एकाच दिशेने चुकलेले असू शकतात.

९/
हा तिढा सोडवण्याच्या कामी डॅनझिगमध्ये १६८६ साली जन्मलेले आणि पुढे अॅमस्टरडॅममध्ये स्थायिक झालेले उपकरणकार डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट यांचा वाटा मोठा आहे. १७०८ मध्ये त्यांनी कोपनहेगनला ओले रोमर या खगोलशास्त्रज्ञांची भेट घेतली आणि अंशशोधनाची त्यांची रीत पाहिली. १७१४ मध्ये हॅले येथील ख्रिस्तियन वोल्फ यांना त्यांनी दोन तापमापक दिले. त्या दोघांचे वाचन इतके जुळे की वोल्फ चकित झाले. जुळण्याचे कारण कारागिराच्या हातात नव्हते. निसर्गात कुठेही पुन्हा तयार करता येतील अशा स्थितींवर ते उभे होते. १७२४ च्या निबंधात फॅरनहाइट यांनी तीन स्थिरबिंदू सांगितले. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य, बर्फ आणि पाणी यांना ३२ आणि निरोगी माणसाच्या शरीराला ९६. पाऱ्याचा वापरही त्यांनीच रूढ केला.

१०/
येथे पडताळणीचा अर्थच बदलला. तापमापकाला विचारण्याचा प्रश्न आता ‘तुझे वाचन किती?’ असा राहिला नाही. ‘ज्याचे तापमान आधीच ठाऊक आहे अशा वस्तूत तुला ठेवले तर तू काय सांगतोस?’ असा तो झाला. शिवाय असे ठाऊक बिंदू किमान दोन हवेत. एकाच ठिकाणी अडकलेला काटा त्या एका बिंदूपाशी बरोबर निघू शकतो. दुसऱ्या बिंदूपाशी त्याचे पितळ उघडे पडते. स्वीडनमधील उप्सालाचे अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये हे दोन बिंदू शंभर भागांनी जोडले. त्यांच्या मूळ मापनात पाण्याच्या उकळण्याला शून्य आणि बर्फाला शंभर होते. १७४४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर लवकरच ही पट्टी उलटी केली गेली. बर्फाचा बिंदू सर्वत्र स्थिर राहतो, मात्र उकळण्याचा बिंदू हवेच्या दाबानुसार सरकतो, हेही सेल्सिअस यांनी नोंदवले होते.

११/
उकळणाऱ्या पाण्याने पुढे बराच त्रास दिला. लंडनमधील उपकरणकार जॉर्ज अॅडम्स यांच्या एका तापमापकावर पाण्यासाठी दोन खुणा आहेत. पाणी उकळू लागते तो बिंदू २०४ अंश फॅरनहाइट आणि खळखळून उकळते तो २१२. म्हणजे ‘स्थिर’ म्हणवला जाणारा बिंदू आठ अंशांनी डळमळत होता. १७७६ मध्ये रॉयल सोसायटीने हेन्री कॅव्हेंडिश यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. तिचा अहवाल १७७७ मध्ये आला. समितीचा मुख्य सल्ला साधा होता. तापमापकाचा फुगा उकळत्या पाण्यात बुडवू नका, पाण्यावरच्या वाफेत ठेवा आणि हवेचा दाब नोंदवा. पाणी भांड्याच्या तळाशी, मध्यावर आणि काठाशी वेगवेगळे तापलेले असू शकते. वाफ मात्र एकसारखी असते.

१२/
ट्रॅक्टरचा सेन्सर पातेल्यात उकळून पाहणाऱ्या मेकॅनिकला हा सल्ला आजही उपयोगी पडतो. सेन्सर तळाला टेकवला तर तो पाण्याचे नव्हे, पातेल्याचे तापमान सांगतो. म्हणून तो तारेने मधोमध लोंबकळता ठेवावा, शेजारीच विश्वासू तापमापक असावा, पाणी ढवळत राहावे आणि दोघांना स्थिर होण्यास वेळ द्यावा. दाबाचा मुद्दाही महाराष्ट्रात नुसता पुस्तकी नाही. मुंबईत समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते, साधारण ५६० मीटर उंचीच्या पुण्यात ९८ च्या आसपास आणि सुमारे १,३५० मीटरवरील महाबळेश्वरात साडेपंच्याण्णवच्या जवळपास. महाबळेश्वरात उकळत्या पाण्यात काट्याने ९६ दाखवले, म्हणून तो चुकीचा ठरवणारा माणूस स्वतःच चुकलेला असतो.

१३/
याच ‘दोषा’चा भारतात एका विलक्षण कामासाठी उपयोग झाला. कुमाऊँमधील मिलम गावचे नैनसिंह रावत हे ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्याने प्रशिक्षित केलेले ‘पंडित’. १८६५-६६ मध्ये ते वेश पालटून नेपाळमार्गे ल्हासाला पोहोचले. त्या काळी परकीय सर्वेक्षकांना तिबेटमध्ये प्रवेश नव्हता. नैनसिंह जपमाळेच्या मण्यांवर पावले मोजत. त्यांचा तापमापक हातातल्या काठीत आणि पारा कवड्यांत दडवलेला असे. मुक्कामी चहासाठी पाणी उकळते आहे असे भासवून त्याच पाण्याचे तापमान घ्यावे आणि त्यावरून त्या ठिकाणची उंची काढावी, अशी ही पद्धत. तापमापकात एका अंश सेल्सिअसची चूक असेल तर उंचीत जवळपास तीनशे मीटरची चूक होते. तापमापक आधी पारखून घेणे म्हणूनच अत्यावश्यक होते.

१४/
पण प्रमाण म्हणून वापरायचा तापमापक तरी कशावरून बरोबर? हा प्रश्न फ्रान्सचे आंरी व्हिक्टर रेन्यो यांनी सर्वांत कठोरपणे हाताळला. वाफेच्या इंजिनांसाठी अचूक आकडे हवेत म्हणून शासनाने सोपवलेल्या कामातून त्यांचा ग्रंथ १८४७ मध्ये निघाला. वेगवेगळ्या प्रकारच्या काचेतले पाऱ्याचे तापमापक बर्फाला आणि उकळत्या पाण्याला एकमेकांशी जुळत, पण फार वरच्या तापमानाला त्यांच्यात कित्येक अंशांचे अंतर पडे. दोन टोके जुळली म्हणजे मधले आणि पलीकडचे सारे जुळते असे नाही, हे यातून सिद्ध झाले. रेन्यो यांची कसोटी अशी होती की एकाच प्रकारची दोन उपकरणे एकाच स्थितीत नेहमी एकच उत्तर देत असतील, तरच तो प्रकार विश्वासार्ह मानावा. मेकॅनिकने पातेल्यातील पाणी थंड होत असताना दर दहा अंशांना नोंद घ्यावी, ती याचसाठी.

१५/
आता खुद्द काट्याकडे येऊ. १८४९ मध्ये पॅरिसचे यंत्रकार यूजीन बूर्दाँ यांनी दाबमापकाचे पेटंट घेतले. वाकवलेल्या चपट्या नळीत दाब शिरला की ती सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. ही नळी आजही जगभरच्या दाबमापकांत आहे. पुढे तिचाच उपयोग तापमानासाठी झाला. तेलात बुडवलेल्या धातूच्या फुग्यात लवकर वाफ होणारा द्रव भरतात आणि केसासारखी बारीक नळी तेथून डॅशबोर्डपर्यंत नेतात. तेल तापले की आतल्या वाफेचा दाब वाढतो आणि काटा सरकतो. म्हणजे हा ‘तापमानाचा’ काटा खरे तर दाब वाचत असतो. ही बारीक नळी चेपली किंवा फुटली तर दाब काट्यापर्यंत पोहोचत नाही आणि काटा थंड बाजूला जाऊन बसतो. येथे बिघाड शुभवार्तेचे रूप घेऊन येतो, आणि म्हणूनच तो अधिक घातक असतो.

१६/
१९१२ मध्ये हॅरिसन बॉइस यांनी अमेरिकेत पेटंट घेतलेले ‘मोटोमीटर’ हे मोटारीच्या रेडिएटरच्या टोपणावर बसवण्याचे तापमापक. चालकाला ते बसल्या जागेवरून दिसे. त्याचा फुगा पाण्यात नसून पाण्यावरच्या वाफेत असे. यातून एक मुद्दा कायमचा शिकण्यासारखा आहे. सेन्सर ज्यात बुडालेला आहे, त्याचेच तापमान तो सांगतो. ट्रॅक्टरमधील तेलाची पातळी सेन्सरच्या खाली गेली तर सेन्सर तेलाऐवजी वरच्या हवेत उघडा राहतो आणि काटा कमी तापमान दाखवतो. तेल कमी असल्यामुळे उरलेले तेल मात्र अधिकच तापत असते. म्हणून काट्याची कोणतीही चाचणी करण्यापूर्वी तेलाची पातळी डिपस्टिकने पाहणे ही पहिली पायरी.

१७/
आजचे बहुतेक काटे विजेवर चालतात. त्यांचे मूळ १८३३ मधील एका निरीक्षणात आहे. मायकेल फॅरडे यांना सिल्व्हर सल्फाइड हा पदार्थ तापवल्यावर वीज अधिक सहज वाहू देतो असे आढळले. धातूंचे वर्तन याच्या उलट असते. तापल्यावर ज्याचा विद्युतरोध घटतो असा ‘थर्मिस्टर’ आज सेन्सरमध्ये बसवलेला असतो. डॅशबोर्डवरील मीटर त्या रोधावरून तापमान ठरवतो. या साखळीत चार कड्या आहेत. सेन्सर, तार, अर्थिंग आणि मीटर. तार तुटली तर रोध अमर्याद होतो आणि मीटरला तेल गारठल्यासारखे वाटते. तार घासून बॉडीला टेकली तर रोध शून्य होतो आणि काटा थेट लाल पट्ट्यात जातो. दोन्ही वेळा तेलाचा काही संबंध नसतो.

१८/
चाचणीचा क्रम यावरूनच ठरतो. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची किल्ली सकाळी फिरवावी. काटा तळाशी असला पाहिजे. तेथेच तो मध्यावर दिसला तर दोष तेलात नाही. मग सेन्सरची तार काढावी. काटा थंड टोकाला गेला पाहिजे. ती तार क्षणभर बॉडीला टेकवली तर काटा गरम टोकाकडे धावला पाहिजे. तसे झाले तर मीटर आणि तार ठीक आहेत, संशय सेन्सरवर. (काही मीटर थेट अर्थिंगने जळतात आणि संगणक-नियंत्रित ट्रॅक्टरवर हा प्रयोग करूच नये, त्यामुळे आधी कंपनीची पुस्तिका पाहावी.) शेवटी तेल पूर्ण थंड असताना सेन्सर काढून, मल्टिमीटर जोडून, बर्फाच्या पाण्यात आणि तापत्या पाण्यात त्याचा रोध मोजावा आणि पुस्तिकेतील तक्त्याशी ताडावा. रोध उडी न मारता सलग घटत गेला पाहिजे. फॅरनहाइट यांचे दोन बिंदू आणि रेन्यो यांची मधली पडताळणी, दोन्ही येथे हजर आहेत.

१९/
सेन्सर न काढता पडताळायचे तर इन्फ्रारेड गन हाताशी असते. तिचा इतिहास १८०० मध्ये सुरू होतो. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाच्या रंगपटात एक तापमापक ठेवला आणि तुलनेसाठी दोन तापमापक प्रकाशाबाहेर ठेवले. तांबड्या रंगापलीकडे, डोळ्यांना काहीही दिसत नसलेल्या जागी, पारा सर्वाधिक चढला. अवरक्त किरण सापडले ते त्या तुलनेच्या तापमापकांमुळे. ते नसते तर खोलीच उबदार झाली असे म्हणून विषय संपला असता. १८०४ मध्ये जॉन लेस्ली यांनी गरम पाण्याने भरलेल्या धातूच्या घनाच्या बाजू वेगवेगळ्या केल्या. तापमान एकच असूनही काळी बाजू भरपूर उष्णता फेकी आणि चकचकीत बाजू अगदी थोडी. चकचकीत हायड्रॉलिक पाइपवर रोखलेली गन म्हणूनच फार कमी वाचन देते. पाइपवर काळी चिकटपट्टी लावून ती तापू द्यावी आणि मग तिच्यावर नेम धरावा. परीक्षा घेणाऱ्या उपकरणाचीही परीक्षा असते, ती अशी.

२०/
पडताळणी टाळल्याची किंमत किती असू शकते, याचे उदाहरण शेताबाहेरचे आहे. २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारी एक झडप उघडी अडकली. नियंत्रणकक्षातील दिवा मात्र ती बंद असल्याचे सुचवत होता. तो दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवत नव्हता. झडपेला बंद होण्याचा विद्युतसंकेत गेला एवढेच सांगत होता. झडपेपुढच्या नळीचे तापमान चढलेले दिसत होते आणि ते खरे होते. पण ती झडप आधीपासून थोडी गळत असल्याने तो आकडा नेहमीच जास्त असे, म्हणून त्याकडे दुर्लक्ष झाले. दोन तासांहून अधिक काळ शीतक पाणी निसटत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. चुकीच्या दर्शकावर विश्वास आणि खऱ्या दर्शकावर अविश्वास, हे दोन्ही प्रमाद एकाच पहाटे घडले.

२१/
ट्रॅक्टरवरही दुसरा प्रमाद पहिल्याइतकाच नेहमीचा आहे. ‘हा काटा असाच दाखवतो’ असे एकदा ठरले की खरी सूचनाही ऐकली जात नाही. ज्या काट्याची परीक्षा झालेली नाही त्याला खोटा म्हणण्याचाही अधिकार कोणाला नाही. परीक्षेत काटा खरा ठरला तर पुढचा शोध तेलाचा. पातळी, गाळणी आणि फिल्टर, कूलरवर साचलेला भुसा आणि धूळ, सतत उघडी राहणारी रिलीफ व्हॉल्व्ह, चुकीच्या दर्जाचे तेल. काटा खोटा ठरला तर खर्च एका सेन्सरचा किंवा तारेच्या एका तुकड्याचा. कोणता खर्च करायचा हे परीक्षेखेरीज कळत नाही, आणि न कळता पंप उघडणे हा सर्वांत महागडा अंदाज असतो.

२२/
ही साखळी कोठे संपते? मेकॅनिकचा तापमापक एखाद्या प्रयोगशाळेतल्या तापमापकाशी ताडलेला असतो, तो त्याहून वरच्या प्रयोगशाळेतल्याशी, आणि भारतात ही शिडी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तेथे १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीनुसार बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात तो ०.०१ अंश सेल्सिअसचा बिंदू जपला जातो. २० मे २०१९ पासून केल्विन या एककाची व्याख्या पाण्यापासूनही सुटली आणि बोल्ट्झमन स्थिरांकाच्या ठरवून दिलेल्या मूल्यावर उभी राहिली. शिडीच्या वरच्या टोकाला असे अतिसूक्ष्म प्रयोग आहेत, खालच्या टोकाला बर्फाचा एक खडा, पाण्याचे पातेले आणि तारेला लटकलेला सेन्सर. दोन्ही टोकांना नियम एकच लागू आहे. कोणत्याही काट्याची साक्ष त्याच्याच शब्दावर मान्य करायची नाही. ज्याची स्थिती स्वतंत्रपणे ठाऊक आहे अशा दुसऱ्या साक्षीदारासमोर त्याला उभे करायचे.

(धागा समाप्त)